शेखबाईंची चक्कर

शेखबाईंना चक्कर येणार आहे, हे आम्हाला पारनेरच्या स्टँडवरच सांगण्यात आलं होतं.

"पोचल्यावर आधी च्या पिऊ," बाई म्हणाल्या. "मग मी जरा फिरते. आन बरी गर्दीची जागा बघून मला चक्कर येईल. रम्या, तू लांब थांबायचं. वळख दाखवायची न्हाई. मागं एका पोराचा बाप 'बाई, बाई' करत धावत आला आन समदा खेळ मोडला."

"आणि मी काय करू?" माझ्या मुलीनं, सईनं विचारलं.

"तू फकस्त बघायचं. माझ्याकडं न्हाई. बाकीच्यांकडं."

सत्तरीची बाई, डोक्यावरून पदर, हातात काळी पर्स, पर्समध्ये चष्म्याचं घर आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी खडूचा एक तुकडा. अशी बाई अनोळखी गावातल्या अनोळखी कॉलेजात जाऊन ठरवून चक्कर का आणते, हे सांगायला मला थोडं मागं जावं लागेल. पण त्याआधी ती चक्कर कशी असायची ते सांगतो, कारण ती बघण्यासारखी असायची.

माझा धंदा मांडव आणि लाऊडस्पीकरचा. जत्रेतले तमाशे, गॅदरिंगची नाटकं, पुढाऱ्यांचे अश्रू, हे सगळं मी स्टेजच्या कडेला उभा राहून फुकट बघितलेलं आहे. तरी सांगतो, शेखबाईंच्या चक्करेला तोड नव्हती. आधी चालता चालता पाऊल मंदावायचं. मग चष्मा निघायचा, घरात जायचा, घर पर्समध्ये, कारण फुटला तर नवा कोण देणार? मग हात कपाळाला. मग सावलीतली पायरी किंवा कट्टा हाताशी येईपर्यंत चक्कर दम धरायची. तिथं बाई अलगद बसायच्या, मग कलायच्या, मग डोळे मिटायच्या. दोन्ही नाही. एक जरासा किलकिला असायचा.

बाई आम्हाला गणित शिकवायच्या. फळ्यापुढं उभ्या असल्या की अगदी पुस्तकातली मराठी, आणि फळ्याकडं पाठ केली की अस्सल पारनेर. गणित चुकलं तर त्या 'चूक' म्हणायच्या नाहीत. वही हातात घेऊन कौतुकानं बघायच्या आणि म्हणायच्या, "उत्तर लई झ्याक आलंय रम्या. पन दुसऱ्या कुठल्या तरी गणिताचं." मी शाळेत असताना अशी दुसऱ्या गणितांची उत्तरं फार काढली.

कुठलीही वस्तू नुसती बघून घ्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. कलिंगड वाजवून, तांदूळ चावून, उशी डोक्याखाली घेऊन दुकानात आडवं होऊन. मी धंदा काढला आणि पहिल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, तेव्हा बाई आशीर्वाद द्यायला म्हणून आल्या आणि एका खुर्चीवर बसल्या त्या उठेचनात. मला वाटलं, बरं वाटत नाही. चांगल्या अर्ध्या तासानं उठल्या आणि निकाल दिला, "हिच्यावर लगीन लागंल. पन भाषान ऐकवनार न्हाई." मी पुढच्या वेळी दुसऱ्या, जरा गुबगुबीत खुर्च्या घेतल्या. पहिल्या मात्र विकल्या नाहीत. पुढाऱ्यांच्या सभेला मी अजूनही मुद्दाम त्याच पाठवतो. सभा वेळेत संपतात.

आता चक्करेचं मूळ. हे त्यांनीच एकदा ओट्यावर मेथी निवडताना सांगितलं.

बाईंना बारावीनंतर पुण्याच्या एका मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. पारनेरच्या शिंप्याची मुलगी पुण्याला शिकायला निघाली म्हणून वडिलांनी गल्लीत शिरा वाटला होता. पहिल्याच सत्रात रमजान आला. रोजा धरून त्या लायब्ररीचा जिना चढत होत्या आणि मध्यातच डोळ्यांपुढं अंधारी आली. बसल्या तिथंच. पोरं-पोरी वरून खाली येत होती, खालून वर जात होती. बाईंना ओलांडून नाही, हं. नीट वळसा घालून.

"कुनी वाईट न्हवतं रे," बाई म्हणाल्या. "समद्यांना घाई हुती. पन मला वाटलं, मी जिन्यातली कुंडी हाय."

त्या पुण्याहून परत आल्या आणि नगरच्या कॉलेजात गेल्या. घरात रडारड, गल्लीत चर्चा. पुणं सोडून नगर? तर नगरला एका दुपारी, रोज्यातच, पुन्हा तसंच झालं. यावेळी एका मुलीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. दुसरी धावत पाणी घेऊन आली आणि भांडं त्यांच्या ओठाला लावणार, इतक्यात तिसरी ओरडली, "अगं थांब, रोजा असंल तिचा! नुसतं डोळ्याला लाव."

"ती तिसरी म्हंजी लीला," बाई म्हणाल्या. "अजून मैत्रीन हाय माझी. त्या दिवशी मला कळलं, कॉलेज चांगलं का वाईट ते आपन आडवं झाल्यावर कळतंय."

तेव्हापासून पारनेरमधला कुठलाही हुशार विद्यार्थी दोन मोठ्या कॉलेजांच्या मध्ये अडकला, की बाई त्याला घेऊन दोन्हीकडं जायच्या आणि दोन्हीकडं त्यांना चक्कर यायची. माहितीपत्रकावर त्यांचा विश्वास नव्हता. "फोटोत कुठल्या कॉलेजाची पोरं हसत न्हाईत?" म्हणायच्या.

एकदाच फसगत झाली. त्यांची मुलगी शेवगावला दिलेली. तिच्या शेजारच्या मुलासाठी बाई एका मेडिकल कॉलेजात गेल्या आणि सवयीनं तिथंही चक्कर आणली. आता मेडिकल कॉलेजात कोणी चक्कर आणतं का? डोळे मिटायचा अवकाश, स्ट्रेचर आलं. बाई म्हणतायत "बरं वाटतंय, बरं वाटतंय", आणि पोरं म्हणतायत "काकू, सगळे असंच म्हणतात." सलाईन लावलं, रक्त काढलं, छातीची पट्टी काढली, मुक्कामाला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, तुम्हाला साखर आहे. खरीच होती! चक्कर खोटी, साखर खरी. त्या मुलानं तिथंच प्रवेश घेतला, आणि बाईंनी तेव्हापासून चहा बिनसाखरेचा सुरू केला. तो पिताना मात्र त्या मेडिकल कॉलेजाला रोज शिव्या घालायच्या.

तर आता सई.

सई लहानपणापासून पाने-पकडीतली. माझा जनरेटर बंद पडला की मी त्याला लाथ घालायचो आणि ती त्याला उघडायची. दुरुस्त व्हायचा असंही नाही. कधी कधी आणखी बिघडायचा, मग आम्ही दोघं अंधारात बसून खो खो हसायचो. पण दहावीला ती पहिली आली आणि घरात काहीतरी बदललं. पहिली आलेल्या मुलीनं पहिलंच यायचं, असं कोणी तिला सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. बारावीपर्यंत अशी वेळ आली, की क्लासच्या चाचणीत एक मार्क गेला तरी ती दार लावून बसायची. जनरेटरकडं फिरकेना. चुकायला ती इतकी घाबरायला लागली, की बोलतानाही आधी मनात वाक्य तपासून घ्यायची.

शेखबाईंकडं ती गणितासाठी जायची. एकदा बाईंनी मला रस्त्यात गाठलं.

"रम्या, पोरगी हसायची कधी बंद झाली?"

मी म्हणालो, "बारावी आहे ना बाई." माझ्याकडं उत्तरं नेहमी दुसऱ्या गणितांची.

सीईटीत तिला उत्तम मार्क पडले. इंजिनिअरिंगची दोन कॉलेजं अशी होती, की तिथं जागा मिळणं अवघड, पण सईला नक्की मिळेल असं सगळेच म्हणत होते. नावं सांगत नाही. दोन्हीकडची पोरं उद्या माझी गिऱ्हाइकं व्हायची आहेत. आमच्या घरात एकाला थोरलं म्हणायचे, दुसऱ्याला धाकटं. थोरलं मुंबईतलं, ज्याचं नाव घेतलं की पारनेरचा चहावालाही कप खाली ठेवतो. धाकटंही नावाजलेलंच, पण दक्षिणेकडं, उसाच्या मुलखात, गावाबाहेर. ऑनलाइन पर्याय भरताना पहिल्या क्रमांकाला जे लिहाल ते मिळालं, तर तेच घ्यावं लागतं. म्हणजे एकदा लिहिलं की चार वर्षं लिहिली.

खरं तर लिहायला उरलंच नव्हतं. माझा मेहुणा दत्ता, उत्साही माणूस, त्यानं पर्याय भरायच्या आधीच चौकात फ्लेक्स लावला. सईचा फोटो, मागं गेटवे ऑफ इंडिया, आणि वर 'मुंबईच्या नामांकित महाविद्यालयात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुक म्हणून स्वतःचा फोटो, सईच्या फोटोपेक्षा किंचित मोठा. दोऱ्या आणि बांबू माझ्याच दुकानातले.

"दत्ता, अजून काही ठरलं नाही रे," मी म्हणालो.

"दाजी, ठरायचं काय राहिलंय त्यात? थोरलं सोडून धाकटं कोन घेतं?"

सई त्या फ्लेक्सखालून मान खाली घालून जायची. हे बघून शेखबाईंनी चक्करेची काळी पर्स काढली.

आधी थोरलं. गेटातच पोलिसासारखा दिसणारा रखवालदार, आत दगडी इमारती. चहा झाला. बाई लायब्ररीच्या पायऱ्यांकडं निघाल्या, चष्मा घरात गेला, आणि मी सूचनाफलकाच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो.

काय सांगू तुम्हाला! बाईंची पाठ भिंतीला टेकायच्या आत दोन मुली हजर. एकीनं ओढणीनं वारा घातला, दुसरीनं बाटलीत पावडर घालून पाणी केलं. एक मुलगा चाकाची खुर्ची आणायला पळाला. "काकू, घरी कोणाला फोन करू? काही औषध चालू आहे का?" प्रश्न कसे, शिस्तीत, एकामागून एक. रखवालदार वॉकीटॉकीवर बोलायला लागला. मी टाळी वाजवायला हात वर केले होते, वेळीच खाली घेतले.

बाई बाहेर आल्या त्या तरंगतच. "पैकीच्या पैकी! रम्या, जग बदललं. त्या पोरींनी मला डॉक्टरच्या खोलीपातूर हात धरून नेलं." मग सईकडं वळल्या. "कसं वाटलं?"

"छान आहेत सगळे," सई म्हणाली. दुसऱ्याच्या घरातला सोफा चांगला आहे म्हणावं, तशी.

मी म्हणालो, "मग झालं! आता धाकटं कशाला बघायचं?" माझ्या डोळ्यांपुढं चौकातला फ्लेक्स डौलात हलत होता.

"गप," बाई म्हणाल्या. "एकच खुर्ची बसून बघितली, तर ती चांगली का दुसरी चांगली ते कसं कळनार?"

दोन दिवसांनी धाकट्याकडं. तिथला रखवालदार बाईंना "या आजी" म्हणाला आणि पुन्हा पेपरात शिरला. आत मोठमोठी झाडं, आणि एका टोकाला वर्कशॉपची पत्र्याची शेड. शेडपुढं सात-आठ पोरं-पोरी एका गाडीभोवती गुडघ्यांवर बसलेली. गाडी म्हणजे नुसता लोखंडी पाइपांचा सांगाडा, चार चाकं आणि एक सीट. कुठल्याशा स्पर्धेसाठी त्यांनीच बनवलेली, आणि तिची चेन सारखी पडत होती. सगळे एकदम बोलत होते.

समोरच झाडाखाली कट्टा होता. बाईंनी मला डोळ्यानं खूण केली. चष्मा घरात, घर पर्समध्ये. हात कपाळाला. बसल्या, कलंडल्या, डोळे मिटले.

काही नाही.

बाईंनी "आई गं" म्हटलं. आधी हळू, मग जरा वरच्या पट्टीत. मग अशा पट्टीत, की माझा स्पीकर लाजावा. तेव्हा कुठं एका मुलानं वर बघितलं. उठला. कट्ट्याजवळ आला. मी मनात म्हटलं, आला बुवा एक तरी.

"काकू, पाय जरा बाजूला घेता? खाली पाना पडलाय."

बाईंनी, चक्कर आलेल्या बाईंनी, पाय वर घेतले. तो पाना घेऊन गेला.

मला हसू आवरेना आणि संतापही आवरेना. सईला म्हणावं, चल बाळा, बघितलंस ना, म्हणून मी वळलो, तर सई जागेवर नव्हती. ती त्या गाडीपाशी होती.

"चेनच्या दोन्ही दातेरी चकत्या एका रेषेत नाहीत," ती म्हणत होती. "म्हणून पडते. आमच्या जनरेटरचा पट्टा असाच तिरका जातो."

"तू कोण? फर्स्ट इयर?" एक मुलगी म्हणाली.

"अजून कोणीच नाही. धर इकडून."

"कुठली गं तू?"

"पारनेर. नगर जिल्हा."

"तरीच! भांडायलाच आलीस."

"भांडत नाही. तू पाना उलटा धरलायस एवढंच सांगते."

हशा झाला. पाना सुलटा झाला. सईनं सांगितलं तसं त्यांनी सगळं सैल केलं, सरकवलं, आवळलं. एक पोरगा सीटवर बसला, गाडी फर्रकन सुटली, वळणापर्यंत गेली, आणि चेन पडली.

सईचं सांगणं चुकलं होतं. सगळ्यांच्या देखत, अनोळखी पोरांत चुकलं होतं. आता ती लाल होणार, मान खाली घालून माझ्याकडं येणार, आणि गावापर्यंत एक शब्द बोलणार नाही.

"गेली नगरची अक्कल!" सीटवरचा पोरगा तिकडून ओरडला.

आणि सई हसली. हसली म्हणजे, कमरेत वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ग्रीसचे हात तिनं नव्या ड्रेसला पुसले. "आण परत!" ती ओरडली. "मग ही कडी तरी ताणलेली असणार. आण, आण!"

कितीतरी वेळानं मला बाईंची आठवण झाली. मी कट्ट्याकडं गेलो. बाई उठून बसल्या होत्या, चष्मा लावला होता, आणि मांडीवर पर्स घट्ट धरून गाडीकडं बघत होत्या.

"बाई, बघितलंत? कुत्र्यानंसुद्धा विचारलं नाही तुम्हाला. चला, थोरलंच बरं."

"तिनं तरी कुठं विचारलं?" बाई म्हणाल्या.

"कोणी?"

"सईनं. तिच्या बाईला चक्कर आली, बाई आई गं म्हनून वरडली, आन पोरीला पत्ता न्हाई." त्यांनी नाक पुसलं. आवाज जरासा दुखावलेला होता, हे कबूल करायला हवं. पण चेहरा असा होता, की एखादं अडून बसलेलं गणित सुटावं. "हितंच, रम्या. पयला पर्याय ह्योच लिव्हा."

"पण तुमची परीक्षा? इथं तर शून्य मार्क!"

"माझी परीक्षा माझ्यापुरती हुती रे. मला कुनाची तरी मांडी पायजे हुती. हिला पाना पायजे. इतकी वर्सं समद्यांना माझ्याच मापानं मोजत आले मी. जिथं मला बरं वाटतंय तिथं हिला वाटंलच असं कुठं हाय?" मग पर्स काखेत मारून उठल्या. "आता तिला हाक मार. न्हाईतर ही पोरं तिला आजच ठिवून घेतील."

पर्याय लिहिताना सईनं आम्हाला विचारलंही नाही. लिहून झाल्यावर सांगितलं. दत्ता दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "दाजी, गेटवेच्या जागी ऊस छापू का?" मी म्हणालो, "तुझा फोटो असतो तेवढा पुरे." फ्लेक्स उतरवला आणि गोडाऊनच्या पत्र्यावर अंथरला. चांगला जाड होता.

हल्ली शेखबाई शेवगावला मुलीकडं राहतात, आणि भेट होत नाही. त्यांना मी शेवटचं बघितलं ते इथंच पारनेरात, सई कॉलेजला गेली त्या दिवाळीच्या तोंडावर.

आमच्या घरात सुतक असल्यासारखं झालं होतं. सईचा फोन आला होता, दिवाळीला येत नाही, स्पर्धा तोंडावर आहे, सगळे इथंच थांबतायत. बायको चकल्यांचं पीठ तसंच ठेवून बसली. "अहो, तुम्ही बाईंना सांगा. बाईंचं ऐकेल ती." म्हणून मी गेलो.

बाई दारातच होत्या. मला बघून आधी माझ्या मागं बघितलं.

"कवा येनार सई?"

"येत नाही बाई. गाडीचं काम आहे म्हणे. फोनवरही धड बोलली नाही. मागून कोणीतरी काहीतरी ओरडत होतं आणि ही नुसती हसत होती."

"हसत हुती?"

"हो."

"मोठ्यानं?"

"कानाला फोन लावता येईना, इतकी."

बाई वळल्या. आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा हातात स्टीलचा डबा होता. झाकण काढलं. गुळपापडीच्या वड्या, एकसारख्या कापलेल्या, वर खसखस. सईला आवडतात.

"तिच्यासाठी केल्ती सकाळी," त्या म्हणाल्या. डब्यात बघत राहिल्या. मग एक वडी उचलून माझ्या हातावर ठेवली. "खा तू. ताजी हाय तवर खा."

"बाई, तुम्ही फोन करून सांगा ना तिला. एक दिवस तरी ये म्हणावं."

"मी? मी का सांगू?" त्यांनी डोळे पुसले आणि मला वाटेला लावलं.

मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो असेन. मागून आवाज आला. स्पीकरच्या धंद्यात आयुष्य गेलं माझं, पण असा आवाज मशिनीतून निघत नाही.

"अरं ए दूधवाल्या, ऐकलं का! रम्याची सई दिवाळीला येनार न्हाई!"

"अरेरे," दूधवाला म्हणाला.

"अरेरे काय, मुडद्या! हात फुडं कर!"

मी वळून बघितलं. दूधवाल्याची मोटरसायकल रस्त्यातच थांबलेली, मागं शाळेतून येणाऱ्या दोन पोरी थबकलेल्या. शेखबाई पायरी उतरून खाली आल्या होत्या, पदर डोक्यावरून खांद्यावर घसरला होता, आणि डबा पोटाशी धरून त्या गल्लीत येईल त्याच्या तळहातावर वडी ठेवत होत्या.